विहिरीच्या काठावरचा शर्ट

१

निलम, वय एकोणीस, राहणार खैरवाडी. मंगळवारी सकाळी उकंडरावाच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या घराजवळच्या, विहिरीत मयत स्थितीत मिळून आली. आदल्या दिवशी संध्याकाळी पाणी शेंदताना पाय घसरून पडली असावी. असं आमच्या कागदावर लिहिलं आहे, आणि तो कागद मीच लिहिला आहे.

मी संगिता राठोड, पोलीस हवालदार. सतरा वर्षांची नोकरी, त्यातली पाच या चौकीत. डोंगरकड्याकडून डोंगराच्या बाजूला वळलं की आमची चौकी लागते: दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि दाराशी एक पायरी. निलम गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून तिची आई जिवनबाई त्या पायरीवर येऊन बसायला लागली. सकाळी यायची, दुपारी उठून जायची. काही मागायची नाही. आमच्या साहेबांना तिचा त्रास व्हायचा, कारण गप्प बसलेल्या बाईला हाकलायचं कलम कुठल्याच पुस्तकात नाही.

खैरवाडी ही आंधांची वाडी. आदिवासी माणसं, पन्नासेक घरं, सगळी दुसऱ्याच्या शेतात राबणारी. शुक्रवारी मी तिला आत बोलावलं. मला तिची दया आली असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला तिच्यापुढं लाज वाटायला लागली होती.

"बाई, माझी तक्रार न्हाई," ती म्हणाली. "एक इचारायचं व्हतं."

"विचारा."

"उकंडराव मालकाचा निरोप आलाय. बारक्या पोरीला, मिनाला, घरकामाला धाडा म्हणत्यात, सोमवारपासून. दोन टायम जेवण, कपडालत्ता. वाडीतले समदे म्हणून राहिले, देवमाणूस हाय. धाडू का?"

"ते मला काहून विचारता?"

"तुमीच लिव्हलं ना पाय घसरला म्हणून. घसरलाच आसंल तर धाडते. न्हाई घसरला, तर बारकीला कोन्या मानसापासून जपायचं, तेवढं नाव सांगा. मंग मी येत न्हाई."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "आन त्यो शर्ट द्या ना बाई. द्वारकाबाईचा हाय. तिला कामाला लागतो."

२

शर्टाची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं रानात राबणारी प्रत्येक बाई लुगड्यावर किंवा पंजाबी ड्रेसवर पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवते. नवऱ्याचा, भावाचा, बापाचा. ऊन, कुसळं, धूळ, सगळं त्या शर्टावर जातं. काम संपलं की तो खुंटीला अडकवायचा किंवा घालूनच घरी जायचं. हळद पॉलिशच्या दिवसांत तर हळकुंडं घासणारा लोखंडी ढोल फिरायला लागला की पिवळी धूळ अशी उडते की बाया नखशिखांत हळदीच्या होतात. लग्नातली हळद एक दिवसाची, ही महिनाभराची.

निलम सापडली त्या विहिरीच्या काठावर दोन वस्तू होत्या. एक प्लास्टिकची घागर आणि एक घडी घालून ठेवलेला शर्ट. मी लिहिलं, "मयताचा शर्ट." जिवनबाईचा अंगठा घेतला. ती तेव्हा जमिनीवर कपाळ आपटत होती. अंगठा मीच धरून टेकवला.

मी कपाटातून तो शर्ट काढला. जिवनबाईनं बाही उचलून काखेतलं निळं ठिगळ दाखवलं.

"हे द्वारकाबाईचं. निलमच्याच टोळीतली. ती आईतवारीच लेकीच्या बाळंतपणाला गेली, शर्ट आखाड्यावरच्या खुट्टीलाच ठिवून. माझ्या निलमचा तिच्या बापाचा व्हता. लाल रेघांचा. तिसरं बटन तुटलं व्हतं तर मी माझ्या चोळीचं लालभडक लावलं व्हतं. म्या स्वता."

"सोमवारी तो घालून गेली होती?"

"त्योच घालून. दुसरा हाये कुठं?"

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग परवडला असता. "इचारलं कुनी?" ती म्हणाली.

ती गेल्यावर मी बराच वेळ तो शर्ट पुढ्यात घेऊन बसले. निलम लाल रेघांचा शर्ट घालून कामाला गेली. विहिरीतून काढली तेव्हा तिच्या अंगावर तो नव्हता. घरी नव्हता, काठावर नव्हता, खुंटीवर नव्हता. म्हणजे कुणीतरी तो तिच्या अंगातून काढला आणि नाहीसा केला. फाटला असेल, बटणं तुटली असतील. पाय घसरलेल्या पोरीचा शर्ट असा नसतो. आणि मग तिनं शर्ट काढून ठेवला, पाणी शेंदलं, घसरली असं दिसावं म्हणून त्या माणसानं खुंटीवरचा हाताला लागला तो शर्ट घडी करून काठावर ठेवला.

टोळीतल्या बाया एकमेकींचा शर्ट शंभर पावलांवरून ओळखतात. त्यांच्याबरोबर भाकरी खाणारा गडीही ओळखतो. ज्याच्या लेखी मजूर बाईचा शर्ट म्हणजे नुसता मजूर बाईचा शर्ट, असाच माणूस ही चूक करू शकतो.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"राठोड, डॉक्टरनं लिहिलंय बुडून मृत्यू. तुम्हाला खूनच ठरवायचा असेल तर सोपं आहे. तो ढोलवाला योगेश तुमच्याच तांड्याचा ना? तरणाताठा आहे, पोरीशी बोलायचा. उचलू का त्याला?"

३

शनिवारी मी आखाड्यावर गेले. आधी ढोलाकडं.

योगेश आमच्या तांड्याचाच. हळद पॉलिशचा ढोल ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरतो. मला बघून त्यानं ढोल बंद केला आणि तोंडावरचं फडकं सोडलं. फडक्याखालचं तोंड तेवढं माणसाच्या रंगाचं होतं.

"आक्का, मला धरायला आलीस?"

"आधी बोल. मग बघू."

"सोमवारी साडेपाचला ढोल थांबवला. निलम पाणी प्यायला मालकाच्या घराकडं गेल्ती. परत येऊन म्हणली, तुमी व्हा फुडं, घर झाडायला थांबवलंय, घरात बाईमाणूस न्हाई. मी बाकीच्या बायांना ट्रालीत बसवलं आन वाडीवर सोडलं. तिथून डिझेल आनायला गेलो. इचार बायांना."

"तिला कुणी थांबवलं?"

"ते न्हाई इचारलं." तो खाली बघत म्हणाला. "आमी कामाची मानसं. थांब म्हणलं की थांबतो. कोन म्हणलं ते कशाला इचारावं?"

बाळंतपणाहून परतलेली द्वारकाबाई बाजूला हळकुंडं निवडत होती. मी पिशवीतून शर्ट काढला, तर तिच्याआधी योगेश म्हणाला, "ह्यो ठिगळबाईचा." मग तो ओशाळला. त्यानं टोळीतल्या प्रत्येक बाईला शर्टावरून नाव ठेवलं होतं: चौकटबाई, ठिगळबाई, पोलीसबाई (तिच्या भावाचा खाकी होता). निलमला तो लालबटन म्हणायचा.

जो माणूस मेलेल्या पोरीला लालबटन म्हणतो, तो तिच्या नावावर ठिगळबाईचा शर्ट ठेवणार नाही. शिवाय तो बायांबरोबर ट्रॉलीवर होता. योगेश सुटला. माझ्या मनातून तरी सुटला.

"मालकाच्या पडवीत कोण बसतं संध्याकाळचं?" मी जाता जाता विचारलं.

द्वारकाबाईनं हळकुंडावरचा हात थांबवला नाही. "मोठ्या घरचा पोरगा चांगला न्हाई, बाई. आमी पोरींना एकट्या पानी प्यायला बी पाठवत न्हाई. म्या हितं आसते तर निलमला जाऊ दिली नसती."

४

मोठ्या घरचा पोरगा म्हणजे विजयकुमार, उकंडरावाचा एकुलता मुलगा. बसथांब्यावर पोरींची वाट अडवली म्हणून त्याच्या दोन तक्रारी चौकीत आल्या होत्या. दोन्ही 'समजुतीनं' मिटल्या. समजून नेहमी पोरींनाच घ्यावं लागतं.

पण आधी उकंडराव भेटले. पडवीत बाजेवर बसलेले, पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला गंध. मला खुर्ची दिली. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान आहे. शाळेला जागा त्यांनी दिली, सप्ताहाला एक पंगत त्यांची असते. निलमच्या मातीला लाकडंही त्यांनीच दिली होती.

"अगं, चष्मा," ते म्हणाले. त्यांची बायको नर्मदाबाई आतून आली आणि चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला. चष्मा त्यांच्या हातापासून वीतभर लांब, उशीजवळच होता. मग "अगं, पाणी." मग "अगं, सुपारी." नर्मदाबाई पदर सावरत तीनदा आत-बाहेर झाली. मला हसू आलं. अशी माणसं मी खूप पाहिली आहेत. यांच्या आंघोळीचं पाणीही दुसऱ्यानं काढायचं आणि अंग पुसल्यावर सदराही दुसऱ्यानं हातात द्यायचा.

"सोमवारी संध्याकाळी तुम्ही कुठं होता?"

"कुठं असणार? हितंच. ही प्रियंकाकडं, आमच्या लेकीकडं, पुसेगावला गेल्ती. मंगळवारी दुपारी आली. घरात बाई न्हाई म्हणल्यावर आमी बापलेक डाळमुरमुरे खाऊन पडलो."

"निलमला झाडायला थांबवलं होतं म्हणे."

"थांबवलं आसंल पोरानं. मी आत पडलेलो. पोरगी दिसली बी न्हाई मला."

"ढोलाकडं गेला होता का त्या दिवशी?"

"छे छे. मला दमा हाय. डॉक्टरनं बजावलंय, हळदीची धूळ वर्ज्य. औंदा मी ढोलाचं तोंड पाहिलं न्हाई. चार हात लांबूनच राम राम." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लई वाईट झालं. म्हणून त्या बारकीला हितं बोलावलं. घासभर खाईल, डोळ्यापुढं राहील."

विजयकुमार गोठ्यामागं मोटरसायकल पुसत होता. काळा टीशर्ट, फाटकी जीन्स, तोंडात गुटखा.

"मी घरी नव्हतोच, म्याडम. दुपारी तीनलाच निघालो. कनेरगाव नाक्याला ढाब्यावर पार्टी व्हती. हे बघा." त्यानं मोबाईल पुढं केला. ढाब्याची बाज, चार मित्र, बाटल्या. खाली सोमवारची तारीख, वेळ सहा दहा.

"तुमचे वडील म्हणतात तुम्ही दोघं घरीच होता."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "आण्णा तसं म्हणले?" मग खांदे उडवून म्हणाला, "मला वाचवायला म्हणले आसतील."

मलाही तेच वाटलं. बाप पोराला वाचवतोय. ढाब्यावरचा फोटो काय, आदल्या रविवारचाही टाकता येतो. चार दारुडे मित्र काय, कशावरही हो म्हणतील. रविवारी विजयकुमार पुण्याला गेल्याचं कळलं तेव्हा तर माझी खात्रीच पटली. पळालाच की.

संध्याकाळी जिवनबाई भेटली. मी विजयकुमारचं नाव घेतलं.

"मंग त्यो पुन्याला गेलाय म्हणत्यात," ती म्हणाली. "आता मिनाला धाडू का?"

आणि मी, सतरा वर्षांची हवालदार, तिला म्हणाले, "धाडा. पोरगा नाही. घरात बाई आहे, म्हातारा माणूस आहे. काही भीती नाही."

५

सोमवारी सकाळी मी विजयकुमारच्या नावानं अहवाल लिहायला बसले. साहेब सही करणार नाहीत हे माहीत होतं, पण लिहायचाच असं ठरवलं होतं. फाईलला जोडायला पंचनाम्याचे फोटो हवे होते. आमच्या शिपायानं मंगळवारी सकाळी नऊ वाजता मोबाईलवर काढलेले, सहा फोटो. ते मी त्या दिवसानंतर उघडले नव्हते. उघडण्यासारखे नव्हते.

तिसऱ्या फोटोत विहिरीचा काठ होता, घागर, घडी घातलेला शर्ट. मागं आखाड्याची पडवी. पडवीत, छपराच्या सावलीत, दोरीवर एक पांढरा सदरा वाळत होता.

मी तो फोटो मोठा केला. सदऱ्याच्या छातीवर लाल होतं.

रक्त वाटेल कुणालाही. आमच्या शिपायाला दिसलं असतं तर त्यालाही वाटलं असतं. पण मी तांड्यावर हळदीच्या राशींत वाढले आहे. रक्ताचा डाग रात्रभरात काळपट होतो. हा विटकरी, कुंकवासारखा होता. हळदीला चुना लावला की कुंकू होतं आणि हळदीच्या डागाला साबण लावला की असा लाल रंग उठतो. आमच्या मुलखातल्या बारा वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं. हळदीचा डाग साबणानं घासायचा नसतो. नुसत्या पाण्यातून काढायचा आणि कडक उन्हात टाकायचा. दोन-तीन उन्हं खाल्ली की तो आपोआप उडतो.

हा सदरा साबणानं घासलेला होता आणि सावलीत वाळत घातलेला होता. ज्यानं तो धुतला, त्यानं जन्मात दुसरा कपडा धुतला नव्हता.

नर्मदाबाई त्या रात्री पुसेगावला. योगेश एकटा राहतो, आपले कपडे आपण धुतो, आणि पांढरा सदरा त्याच्याकडं नाही. विजयकुमारकडंही नाही, तो काळ्या टीशर्टातला प्राणी. त्या घरात पांढरा सदरा एकाच माणसाचा. चष्मासुद्धा हातात मागणारा तो माणूस, बायको दुसऱ्या दिवशी येणार असताना, स्वतः सदरा धुवायला बसला. त्याला थांबायला वेळ नव्हता.

आणि हळद त्याच्या सदऱ्यावर आली कुठून? औंदा त्यानं ढोलाचं तोंडही पाहिलं नव्हतं. चार हात लांबून राम राम. पोरगी तर त्याला दिसलीही नव्हती.

'आमी बापलेक घरीच' हे त्यानं पोराला वाचवायला म्हटलंच नव्हतं. पोराला पुढं करून स्वतः आत पडला होता तो. पोरगा खरंच कनेरगाव नाक्याला होता. पोरगा नालायक आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. बापाला त्याच्या नालायकपणाची सावली पुरली.

मी फोटो आणखी मोठा केला. छातीवरचा लाल रंग एका जागी नव्हता. दोन बाजूंना दोन डाग होते आणि दोन्हींना वरच्या अंगाला बोटं होती.

ते तळहात होते. ढकलणाऱ्या पोरीचे.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. मिना आठ वाजताच आखाड्यावर गेली होती. मीच पाठवली होती.

६

गाडी मी कशी चालवली ते आठवत नाही. आखाड्यात शिरले तेव्हा मिना विहिरीजवळच्या दगडावर कपडे धूत बसली होती. सोळा वर्षांची, बारकी, बहिणीसारखंच नाक. पाण्यात हात घालून माझ्याकडं बघत राहिली.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. ऊठ. घरी जायचं."

"मालकीनबाईनं एवढे धू म्हणल्यात."

"ऊठ म्हटलं ना."

नर्मदाबाई पडवीत उभी होती. मी फोटो तिच्यापुढं धरला. ती बघायला पुढं झाली नाही. बघायची तिला गरज नव्हती.

"तो सदरा कुठंय?"

"त्येंच्या अंगावर हाय," ती म्हणाली.

मग ती तिथंच खाली बसली आणि भिंतीला पाठ लावून हळू आवाजात बोलली.

"मंगळवारी दुपारी आले. सदरा दोरीवर, सावलीला, आन लाल. म्हणलं, कोन्या गड्यानं धुतला आसंल, गड्यांना काय कळतं. घडी करायला हात घातला. छातीवर बराबर दोन पंजे. माझ्या हातावढे बी नव्हते. तवर विहिरीचं समदं कळलं व्हतं मला. मी साबन पार काढला, नुसत्या पान्यातून खंगाळला आन उन्हात टाकला. तीन उन्हं लागली. रोज त्ये इचारायचे, गेला का डाग? तिसऱ्या दिशी म्हणलं, गेला."

"तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही उन्हात टाकला?"

"हळदीचा डाग उन्हातच जातो, बाई."

"हे लिहून द्याल?"

तिनं पदर तोंडाला लावला. "माझी प्रियंका पुसेगावात नांदती. तिला दोन लेकरं हायत."

"आणि मिनाला इथं बोलवलंत. तिला कुणाच्या लेकराच्या हिशोबात धरलंत?"

"त्येंनी बोलावलं. मी म्हणलं, आता मी घरातच हाय ना."

"आणि तुम्ही पुन्हा पुसेगावला गेलात म्हणजे?"

मला उकंडरावाचा गळा धरावासा वाटत होता. तिचाही धरावासा वाटला, हे मला सांगायला हवं. त्या घरात हात उगारणारा एक होता. धुणारी दुसरी होती.

उकंडराव दारात येऊन उभे होते. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. अंगावरचा सदरा पांढरा स्वच्छ होता.

"हवालदारीनबाई," ते म्हणाले, "सदरा पाहिजे का? काढून देऊ? घेऊन जा, तपासा. तुमाला तकलीफ नको." आणि बटणांना हात घातला.

मी मिनाचा दंड धरला आणि निघाले. मागून आवाज आला, "अगं, चहा ठेव." शांत, रोजचा आवाज.

७

अहवाल मी लिहिला, सोळा पानं. जिवनबाईचा जबाब मी चुकीचा लिहिला, न विचारता लिहिला, हेही त्यात लिहिलं. साहेबांनी सगळा वाचला, त्यांचा मान ठेवून सांगते, खरंच वाचला.

"तुमचं बरोबर असेल, राठोड," ते म्हणाले. "पण न्यायाधीशापुढं काय ठेवू? पांढरा सदरा? मोबाईलवरच्या फोटोतला लाल डाग कशाचा, हे कोण सांगणार? बायको बोलणार नाही. पोरीचा शर्ट सापडत नाही. अर्ध्या तालुक्याचा माणूस, त्यात ॲट्रॉसिटीचं कलम. उद्या मोर्चा चौकीवर येईल, आणि तो त्या पोरीसाठी नसेल."

अहवाल वर गेला. वरून खाली आला. 'चौकशी सुरू' असा शिक्का घेऊन तो अजून कपाटात आहे. योगेशला दोनदा बोलावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. चौकशी सुरू आहे हे कागदावर दिसायला हवं ना. तिसऱ्यांदा बोलावण्याआधी तो ढोल घेऊन वाशिमकडं निघून गेला, आणि तो पळाला म्हणजे त्याच्यातच काहीतरी असणार, असं आता सगळे म्हणतात. मला पुढच्या महिन्यापासून हिंगोलीला बंदोबस्तावर जोडलं आहे.

जिवनबाईला मी नाव सांगितलं. वाडीवर जाऊन, तिच्या दारात बसून सांगितलं. तिनं ते दोनदा विचारून घेतलं. रडली नाही. निलमच्या मातीला त्याचीच लाकडं लागली, एवढंच म्हणाली.

मला वाटलं, आता ती येणार नाही. तसं कबूलच केलं होतं तिनं. पण परवा सकाळी ती पुन्हा पायरीवर होती, बरोबर मिना आणि टोळीतल्या सहा बाया, द्वारकाबाई पुढं.

"उकंडरावाच्या रानात आमी जात न्हाई आता," जिवनबाई म्हणाली. "एवढं एक घर कळलं. बाकीची घरं कशी हायत, बाई? तुमाला म्हाईत आसंल. सतरा वर्सं नोकरी हाय तुमची. एक घर सांगा, जिथं पोरीला एकटी पानी प्यायला पाठवलं तर चालतंय."

मी सतरा वर्षांची गावं आठवली. घरं आठवली, माणसं आठवली. शाळेला जागा देणारी, सप्ताहाला पंगत घालणारी. छातीवर हात ठेवून एका घराचं नाव घ्यावं म्हटलं तर जमेना.

"नाही सांगता येत," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला नवल वाटलं नाही. मग पिशवीतून एक शर्ट काढला. कुणाचा तरी जुना, राखाडी. कॉलरच्या आतल्या बाजूला तिनं लाल दोऱ्यानं एक फूल शिवलं होतं, वाकडंतिकडं, चार पाकळ्यांचं.

"ह्यो मिनाचा. आतून शिवलंय. बाहेरून कोनाला दिसत न्हाई."

द्वारकाबाईनं मी परत केलेला तिचा ठिगळाचा शर्ट उलटा केला. कॉलरमध्ये निळी चौकट. तिसरीच्या शर्टात बाण, चौथीच्यात तीन टाके. सातही जणींनी आत येऊन आपापले शर्ट माझ्या टेबलावर ठेवले, उलटे करून.

"बघून घ्या, बाई," जिवनबाई म्हणाली. "कोनाची खून कोनती, तुमच्या वहीत लिव्हून ठिवा. तुमी हिंगोलीला गेल्या तर हितं येनाऱ्याला सांगून जा. फुडल्या टायमाला काठावर दुसरीचा शर्ट सापडला तर इचाराया लागू नये."

मी वही उघडली. मिनापासून सुरुवात केली.